शनिवार पाळणाऱ्या शेजाऱ्यांचे सण

सन २०२४ च्या फाल्गुनांत, २४ मार्च रोजीं, आपल्याकडे होळी पेटली. त्याच दिवशीं मुंबई, ठाणें, पुणें येथील कांहीं मराठी कुटुंबें आपआपल्या प्रार्थनामंदिरांत जमून एस्तेर राणीची कथा वाचीत होतीं. या सणाला हिब्रू भाषेंत ‘पुरीम’ म्हणतात. परंतु त्या कुटुंबांतील आज्या-पणज्या त्याला सरळ ‘होळीचा सण’ असें म्हणत. पुढें ३ ऑक्टोबरला आपल्या देवघरांत घट बसले, त्या दिवशीं त्यांचें नवें वर्ष लागलें. आणि १२ ऑक्टोबरला आपण सोनें लुटलें, त्या दिवशीं तीं मंडळी पांढरीं वस्त्रें नेसून, कडकडीत उपवास करून, आपल्या पापांची क्षमा मागत होतीं. एकाच गांवांत, एकाच भाषेंत, एकाच चंद्राखालीं हे दोन क्रम शतकानुशतकें चालत आले आहेत. आणि आमच्या सुशिक्षित घरांत जेरुसलेमची माहिती असते, जर्मनींतील यहुद्यांवर ओढवलेल्या संहाराची माहिती असते, परंतु अलीबागच्या इस्राएल आळींत कोणते सण होत, हें विचारलें तर बहुतेकांस सांगतां येत नाहीं. तें सांगावें एवढ्याच हेतूनें आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

बेने-इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं लेकरें. त्यांची परंपरागत हकीकत अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें जहाज चौल बंदराच्या उत्तरेस खडकांवर फुटलें. त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया जिवंत निघाल्या. आणि वाहून आलेल्या मृतांस अलीबागेजवळच्या नवगांव येथें पुरण्यांत आलें. हें केव्हां घडलें याविषयीं पंडितांत एकमत नाहीं, व त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. वांचलेल्यांनीं कुलाबा जिल्ह्याच्या गांवोगांवीं तेलाचे घाणे घातले. शनिवारीं मात्र घाणा बंद. म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. आडनांवें गांवांवरून पडलीं: केहीमकर, पेणकर, रोहेकर, आवासकर, झिराडकर, अष्टमकर, तळकर, दिवेकर. यांपैकीं शेवटलें तर आमच्या ज्ञातींतही आहे, आणि केवळ आडनांवावरून माणसाची जात ओळखण्याचा ज्यांना फार हव्यास, त्यांची येथें चांगलीच फजिती होते.

ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा विस्मरणांत गेली. उरलें काय? शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीं मुलाची सुंता, ज्याला खवले व पर नाहींत असा मासा न खाणें, आणि ‘श्मा यिस्राएल’ हें एकेश्वराची ग्वाही देणारें एक वाक्य. जन्म, विवाह, मृत्यु, कोणताही प्रसंग असो, मंत्र म्हणून हेंच एक वाक्य म्हटलें जाई. आणि उरले सण.

आतां ज्यांच्याजवळ ग्रंथ नाहीं व गणित सांगणारा आचार्य नाहीं, त्यांनीं तिथि कशा धरल्या असतील? हा प्रश्न आम्हांस फार दिवस कुतूहलाचा वाटत आला आहे, म्हणून येथें थोडें थांबतों. यहुदी पंचांग आपल्याप्रमाणेंच चांद्र-सौर आहे. महिना अमावास्येनंतरच्या चंद्रापासून सुरू होतो. बारा महिन्यांचे ३५४ दिवस भरतात. सौर वर्षाशीं मेळ बसावा म्हणून अधूनमधून एक महिना वाढवावा लागतो. एकोणीस वर्षांत सात महिने वाढवावयाचे, हा त्यांचा नियम. आपल्याकडेही हिशेब जवळजवळ तोच निघतो. भेद आहे तो रीतींत. आपण ज्या चांद्रमासांत सूर्याची संक्रांति होत नाहीं तो अधिक मानतों, त्यामुळें कधीं श्रावण अधिक, कधीं आषाढ. त्यांच्याकडे चक्रांतील तिसरें, सहावें, आठवें, अकरावें, चौदावें, सतरावें व एकोणिसावें हीं वर्षें ठरलेलीं, आणि महिनाही ठरलेला: नेहमीं ‘अदार’च दुप्पट होतो. म्हणून दोन पंचांगें बहुतेक काळ हातांत हात घालून चालतात, पण मधूनच एक पुढें जातें. सन २०२३ मध्यें आपला अधिक श्रावण पडला आणि त्यांचा जादा अदार अद्याप यावयाचा होता. तेव्हां त्यांचा क्षमेचा उपवास २५ सप्टेंबरला झाला, तर आपला दसरा २४ ऑक्टोबरला. पुढल्या वर्षीं दोन्ही पुन्हां एका दिवसावर आले. आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. आपला दिवस सूर्योदयापासून, त्यांचा सूर्यास्तापासून. म्हणून प्रत्येक सण आदल्या सायंकाळीं लागतो. शिवाय त्यांचें नवें वर्ष रविवारीं, बुधवारीं किंवा शुक्रवारीं कधींच सुरू होऊं देत नाहींत; बुधवारीं किंवा शुक्रवारीं सुरू झालें तर महाउपवास शनिवारला चिकटून दोन दिवस चूल बंद राहण्याचे प्रसंग येतील. धर्मशास्त्रांत स्वयंपाकघराची सोय पाहणारे आचार्य तिकडेही होते, हें वाचून आमच्या घरांतील स्त्रीवर्गास संतोष होईल!

तेव्हां आमचें अनुमान असें कीं, ग्रंथ हरपल्यावर या लोकांनीं आकाशांतील चंद्रावर आणि शेजारच्या जोशांच्या पंचांगावर भिस्त ठेविली असावी. चैत्री पौर्णिमेच्या आसपास एक सण, श्रावण शुद्ध नवमीच्या सुमारास एक शोकाचा दिवस, आश्विनाच्या आरंभीं नवें वर्ष, एवढें स्मरणांत ठेवणाऱ्याला कोंकणच्या खेड्यांत तिथि चुकण्याचें भय नव्हतें. हें अनुमान आहे, पुरावा नव्हे; पण सणांचीं नांवें पाहिलीं म्हणजे तें बळावतें.

हीं नांवें त्याच समाजांतील हैम सॅम्युएल केहीमकर यांनीं नोंदवून ठेविलीं आहेत. त्यांचा इतिहासग्रंथ १८९७ सालीं लिहून तयार होता, परंतु छापून निघाला तो १९३७ सालीं, तोही तेल-अवीव येथें. त्यांत दिसणाऱ्या नांवांचे तीन थर पडतात. सर्वांत जुना थर शुद्ध मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनशी-ढाकाचा सण, बिरड्याचा सण. त्यावर दुसरा थर मुसलमानी अमदानींतला: नव्याचा रोजा, रमजान, एलियाहू हन्नाबीचा उरूस. तिसरा थर हिब्रू: रोश हशाना, योम किप्पूर, पेसाह, पुरीम. हा तिसरा थर बसला तो कोचीनचे यहुदी शिक्षक, छापील पुस्तकें आणि मिशनरी यांच्यामुळें. डॉक्टर जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्यानें १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. त्याचा उद्देश या लोकांस ख्रिस्ती करण्याचा होता, परंतु विद्यार्थी हिब्रू शिकले आणि यहुदीच राहिले. भूगर्भशास्त्रज्ञ जसा कड्यावरील थर पाहून काळ सांगतो, तसा या नांवांवरून एका समाजाचा प्रवास वाचतां येतो. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत आपण जीं नांवें सहज उच्चारतों, त्यांतही असे थर असतील. कोणीं तरुणानें तें काम करावें.

आतां प्रत्येक नांवाकडे पाहूं. नव्याचा सण म्हणजे वर्षप्रतिपदा. त्यानंतर चवथ्या दिवशीं खिरीचा सण: नव्या धान्याची नारळाच्या दुधांतील खीर करावयाची, ऊद जाळावयाचा, ‘श्मा’ म्हणावयाचें आणि मग सर्वांनीं खावयाचें. हा सण जगांतील इतर यहुद्यांत नाहीं. आपल्या नवान्नाशीं त्याचें साम्य उघड आहे, आणि भादव्या-आश्विनांत शेतांत नवा दाणा तयार झाल्यावर कोणाही शेतकऱ्याच्या मनांत कृतज्ञता उपजावी हें इतकें स्वाभाविक आहे कीं, कोणीं कोणाचें घेतलें हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. श्रावणांतील बिरड्याचा सण हा वस्तुतः सण नव्हेच. जेरुसलेमचें देवालय दोनदां पडलें, त्याच्या शोकाचा तो उपवास. परंतु वालाचें बिरडें त्याशीं जोडलें गेलें आणि दोन हजार कोसांवरच्या देवळाचा शोक कोंकणी वालाच्या नांवानें ओळखूं लागला.

दहाव्या दिवशींची दरफळणी सर्वांत गंभीर. दार फळणें म्हणजे दार लावून घेणें. आदल्या दिवशीं स्नान करून, सूर्य मावळण्यापूर्वीं जेवून, पांढरीं वस्त्रें नेसावयाचीं आणि दुसऱ्या दिवशीं चांदण्या दिसेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. जोंपर्यंत प्रार्थनामंदिर नव्हतें तोंपर्यंत हीं माणसें खरोखरच दारें लावून घरांत बसत, कोणाला स्पर्श करीत नसत, कोणाशीं बोलत नसत. दसऱ्याच्या दिवशीं गांवभर माणसें शिलंगणास निघालेलीं, आणि चार-दोन घरांचीं दारें बंद! शेजाऱ्यांनीं त्यांस कधीं त्रास दिल्याचें त्यांच्या परंपरेंत सांगत नाहींत, हें कोंकणच्या खेड्यांस भूषणावह आहे. दुसरा दिवस शिळा सण. आदल्या दिवसाचें पावित्र्य शिळें झालें, म्हणून जणूं आतां माणसांत यावयाचें: गरिबांस दानधर्म, आप्तांच्या भेटी, झालेल्या बोलाचालीची क्षमा. आपल्यांतही सोनें देऊन वडील मंडळींच्या पायां पडतात; पण आदल्या वर्षाचीं भांडणें नांव घेऊन मिटविण्याची चाल आपल्या एकत्र कुटुंबांत असती तर किती वाटण्या टळल्या असत्या, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

अनशी-ढाकाचा सण हें नांव प्रथम ऐकतां कोडें पडतें. ‘अनस’ म्हणजे आंबट रस ठेवण्याचा मातीचा घडा; तो झांकून ठेवण्याचा सण, म्हणजेच पेसाह. मिसर देशाच्या दास्यांतून सुटतांना कणीक आंबण्याइतकाही वेळ मिळाला नाहीं, म्हणून त्या दिवसांत आंबलेलें कांहींही खावयाचें नाहीं, असें शास्त्र. शास्त्र हरवलें, कारण हरवलें, पण ‘आंबट घडा झांका’ एवढी आज्ञा घरच्या बायकांनीं जपली! ज्ञान टिकतें तें ग्रंथांतच टिकतें असें मानणाऱ्या आमच्यासारख्या पोथीनिष्ठांनीं या घड्याचा विचार करावा. या सणापूर्वीं घरास चुना देतात, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेतात, बेखमीर भाकऱ्या लाटतात. पूर्वीं कोकराच्या रक्तांत हात बुडवून त्याचा ठसा कागदावर घेऊन दारावर लावीत. मिसरांतील त्या रात्रीं इस्राएलांच्या दारांवर रक्ताची खूण होती, तिचें तें स्मरण. आम्हां शाकाहारी लोकांस हें वाचून अंगावर कांटा येईल, तरी दारावरील कुंकवाच्या हातांचे ठसे आठवले म्हणजे त्या खुणेमागील भाव परका वाटत नाहीं.

या सणाच्या रात्रीं घरांतील सर्वांत लहान मुलानें प्रश्न विचारावयाचा कीं, ‘आजची रात्र इतर रात्रींहून निराळी कां?’ आणि वडिलांनीं सुटकेची सारी कथा सांगावयाची. मुलाच्या प्रश्नावरूनच कथा सुरू व्हावयाची, ही योजना कोणाही शिक्षकाला मोहवील. ज्या पुस्तकावरून ही कथा वाचतात त्यास ‘हग्गादा’ म्हणतात. तिची हिब्रू व मराठी अशी प्रत मुंबईंत १८४६ सालींच निघाली होती. परंतु आम्हांस विशेष कौतुक वाटतें तें पुण्यास १८७४ सालीं निघालेल्या सचित्र प्रतीचें. ती सिद्ध केली तळकर आडनांवाच्या दोघां बेने-इस्राएल गृहस्थांनीं, आणि छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत. अग्निहोत्र्यांच्या यंत्रावर मोशेची कथा! तींतील चित्रांत लुगडीं नेसलेल्या बायका उकिडव्या बसून भाकऱ्या लाटीत व भाजीत आहेत. मिसर देशांतून निघालेल्या स्त्रिया थेट आपल्या माजघरांत येऊन बसल्या आहेत असें वाटतें. आज जगांतील मोठमोठे ग्रंथसंग्राहक ही प्रत मौल्यवान मानतात. पुण्यांत तिचें नांव किती जणांस ठाऊक आहे?

या लोकांच्या पाककलेंत नारळ इतका कां, याचें कारणही धर्मांतच आहे. दूध व मांस एका जेवणांत एकत्र करूं नये असा त्यांचा निर्बंध. सणाच्या पानावर मांस असलें कीं दुधाचीं पक्वान्नें बाद. इतर देशांत यामुळें अडचण झाली असेल; कोंकणांत नारळाच्या दुधानें ती दूर केली. नव्या वर्षाला ते गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही नारळाच्या दुधांत. द्राक्षरस मिळणें कठीण, म्हणून शनिवारच्या व सणांच्या आशीर्वादासाठीं काळ्या मनुका भिजवून त्यांचें सरबत करतात.

परंतु बेने-इस्राएलांचा खरा आत्मा पाहावयाचा असेल तर मलिदा पाहावा. एलियाहू हन्नाबी हा त्यांचा संकटकाळीं धांवून येणारा प्रेषित. मूल झालें, सुंता झाली, लग्न ठरलें, परीक्षा पास झाली, नवें घर घेतलें, दुखणें बरें झालें, कीं एलियाहूच्या नांवानें मलिदा. एका ठाणेकर गृहस्थांच्या घरीं आम्हीं तो पाहिला. मोठ्या तबकांत भिजवलेल्या पोह्यांची रास. त्यांत गूळ, ओलें खोबरें, वेलदोडा, बदाम-पिस्ते. भोंवतीं फळांचे काप, खजूर, गुलाबाचीं फुलें आणि सबजाच्या हिरव्या डहाळ्या. पुरुषांनीं डोकीवर टोप्या घातलेल्या, बायकांनीं पदर घेतलेले. हिब्रू प्रार्थना व एलियाहूचें गीत एका सुरांत झालें. चाल ऐकतांना आम्हांस क्षणभर आरतीचाच भास झाला. आम्हीं सहज ‘प्रसाद’ हा शब्द उच्चारला, तों घरच्या वृद्ध बाई हंसून म्हणाल्या, “मास्तर, प्रसाद नव्हे हो. आमच्यांत देवापुढें नैवेद्य ठेवीत नाहींत. देवाला काय खायचंय? आधीं त्याचें नांव घ्यायचें, मग आपण खायचें.” मग त्यांनीं समजावून सांगितलें कीं झाडावरच्या फळाचा आशीर्वाद निराळा, जमिनींत येणाऱ्या फळाचा निराळा, धान्याचा निराळा, आणि सुवासाचाही एक स्वतंत्र आहे. सबजाची डहाळी हुंगून तो म्हणावयाचा. सुगंध घेण्यापूर्वींही ज्यानें तो निर्माण केला त्याचें स्मरण करावें, ही कल्पना आम्हांस फारच रम्य वाटली.

मलिदा हा शब्द फारसी, त्यांतील पोहे कोंकणी, प्रार्थना हिब्रू, बोलणें मराठी. कांहीं विद्वान यावरून म्हणतात कीं या लोकांचे विधि म्हणजे शेजाऱ्यांची उसनवारी. आम्हांस तें मान्य नाहीं. उसनें घेतलें तें भांडें. मूर्ति त्यांनीं घेतली नाहीं, नैवेद्य घेतला नाहीं, आणि शनिवार सोडला नाहीं.

मात्र कांहीं गोष्टी त्यांनीं आमच्यापासून घेतल्या त्या न घेतल्या असत्या तर बरें झालें असतें, हेंही स्पष्ट लिहिलें पाहिजे. त्यांच्या शास्त्रांत विधवेच्या पुनर्विवाहास मुळींच बंदी नाहीं. तरी कोंकणांतील वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींचें पाहून त्यांनीं तो निंद्य मानला. त्यांच्यांत ‘गोरे इस्राएल’ व ‘काळे इस्राएल’ असे भेद पडले व परस्परांत लग्नें होईनात. शेजाऱ्यांचें भांडें घेतां घेतां त्याला चिकटलेली काजळीही घरांत आली. गोमांस वर्ज्य करण्याची त्यांची जुनी चाल शेजारधर्माची म्हणून आम्ही आदरानें उल्लेखितों. परंतु विधवांचें दुःख हें आमचेंच देणें होतें, आणि त्याचा अभिमान बाळगण्यासारखा नाहीं.

एकत्र जमण्याचें स्थान म्हणजे प्रार्थनामंदिर. जुनीं माणसें त्याला ‘मशीद’च म्हणत. त्यांचें पहिलें मंदिर मुंबईंत १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं बांधलें. हे कंपनीच्या पलटणींतील अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेंत सांपडले होते. सुटलों तर देवाचें घर बांधीन, असा त्यांनीं नवस केला अशी कथा आहे. त्यांच्याच नांवाचा सॅम्युएल स्ट्रीट आजही तेथें आहे, आणि मशीद बंदर हें स्टेशनचें नांव याच मंदिरावरून पडलें असें सांगतात. मग रेवदंड्यास १८४२, अलीबागेस १८४८, पनवेलीस १८४९, पेणेस १८६३, ठाण्यास १८७९, आणि पुण्याच्या रास्ता पेठेंत १९२१ सालीं मंदिरें झालीं. पुण्याचें लाल देऊळ पुष्कळांस माहीत असतें. पण तें बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांनीं बांधविलें. बगदादी मंडळींनीं बेने-इस्राएलांस दीर्घकाळ बरोबरीचें मानलें नाहीं, हाही त्या इतिहासाचा एक कडवट भाग आहे. सिम्हाथ तोरा या दिवशीं धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या मिरवीत सारे नाचतात, आणि मुंबईंत त्या रात्रीं मंडळी एका मंदिरांतून दुसऱ्यांत जातात.

या मेळाव्यांस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक अपूर्व अंग फुटलें, तें कीर्तनाचें. हिंदु हरिदासांचीं कीर्तनें ऐकून मुंबईच्या कांहीं बेने-इस्राएल तरुणांस वाटलें, आपल्या अब्राहामाची, योसेफाची, मोशेची कथा अशी कां सांगूं नये? १८८० च्या सुमारास त्यांचें कीर्तनोत्तेजक मंडळ निघालें. डेव्हिड हैम दिवेकर यांनीं आख्यानें रचलीं. साकी, दिंडी, ओंवी, आर्या, पदें, सारें आपल्याच थाटाचें. टाळ, मृदंग, पेटी तीच. केवळ कथा इस्राएलाची. ज्या घरांतील बायकांना हिब्रू येत नव्हतें त्यांना आपला धर्म या कीर्तनांनीं प्रथम अर्थासह कळला. मोरोपंतांची आर्या जिच्या तोंडीं बसली आहे, त्या आमच्या आजीलाही एस्तेर राणीचें आख्यान परकें वाटलें नसतें. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत या आख्यानांस दोन ओळीही मिळूं नयेत, याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

हीं माणसें आतां आहेत कोठें? १९५१ च्या जनगणनेंत भारतांतील सर्व यहुद्यांची संख्या सव्वीस हजारांच्या घरांत होती. २०११ सालीं ती पांच हजारांच्याही खालीं आली होती. कोणीं त्यांस हांकलून दिलें नाहीं. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र निर्माण झालें आणि नित्य प्रार्थनेंत ज्या भूमीचें नांव घ्यावयाचें तेथें जाण्याची वाट मोकळी झाली, म्हणून ते गेले. तेथें मात्र १९६२ च्या सुमारास धर्मगुरूंनीं त्यांच्या विवाहांविषयीं शंका काढली. पूर्वजांचीं खातरजमा करूं लागले. ज्यांनीं ग्रंथावांचून शनिवार राखला, त्यांनीं आपण यहुदी असल्याचे दाखले आणावेत! त्यांनीं जेरुसलेमेस धरणें धरलें, आणि १९६४ सालीं तेथील पार्लमेंटानें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचा ठराव केला. आज दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा या गांवीं त्यांची मोठी वस्ती आहे. तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक निघालें, महाराष्ट्र दिन साजरा होतो, आणि मलिद्यासाठीं पोहे शोधावे लागतात. नातवंडें हिब्रू बोलतात. आजीचा ‘शिळा सण’ त्यांस समजावून सांगावा लागतो.

इकडे महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यांत नरिमन हाऊस या यहुदी केंद्रांत माणसें मारलीं गेलीं. तेव्हांपासून मंदिरांच्या दाराशीं पहारा दिसतो, व पाहुण्यानें आधीं विचारून जावें लागतें. आज अधिक वस्ती ठाण्या-मुंबईकडेच आहे. कोंकणांतील मंदिरांत दिवा लावणारीं घरें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं. सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील दहा पुरुष हजर पाहिजेत, नऊ असले तर कांहीं प्रार्थना म्हणतांच येत नाहींत. हा नियम शहरांत सहज पाळला जातो, खेड्यांत तोच सर्वांत जड झाला आहे.

अलीबागेजवळ खंडाळें म्हणून गांव आहे. तेथील खडकावर एलियाहूच्या रथाच्या व घोड्याच्या टापांच्या खुणा उमटल्या आहेत, अशी या लोकांची श्रद्धा. शेवात महिन्याच्या पौर्णिमेस, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षीं, तेथें उरूस भरतो. सन २०२५ मध्यें ती तिथि १३ फेब्रुवारीस आली. आपली माघी पौर्णिमा आदल्याच दिवशीं होऊन गेली होती. ठाण्या-मुंबईहून गाड्या करून मंडळी जातात, तबकें मांडतात, पोह्यांवर खोबरें पसरतात. इस्राएलांतून आलेले प्रवासीही असतात, त्यांत कांहीं याच गांवांतून साठ-सत्तर वर्षांपूर्वीं गेलेल्या घरांचे नातू. अशा दिवशीं वाटेंतल्या मंदिरांत शिरतांच तेथला वृद्ध कारभारी पाहुण्यांच्या नमस्काराचा स्वीकार करीत करीत मनांतल्या मनांत पुरुष मोजतो, आणि दहा भरले कीं पुस्तक उघडतो.